घरात न बोलायचे शब्द

आमच्या घरात ‘मला भूक नाही’ हे वाक्य उच्चारायला बंदी होती. जेवायचे नसेल तर ‘पोट भरले आहे’ म्हणायचे, पोट बिघडले असेल तर तसे सांगायचे, रुसवा असेल तर गप्प बसून दोन घास खायचे. पण ‘भूक नाही’ हे शब्द कानावर पडले की अण्णा हातातला घास ताटात ठेवत आणि ज्याने ते म्हटले असेल त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहत, की शेवटी त्या मुलाला आपणहून भाकरीकडे हात न्यावा लागे. ते ओरडत नसत. त्यांनी आमच्यावर हात उगारल्याचे मला एकदाही आठवत नाही. नियम सांगायचा, तो मोडला तर बोलणे थांबवायचे आणि कारण कधीच द्यायचे नाही, एवढीच त्यांची शिस्त होती, आणि ती मारापेक्षा कठीण होती.

माझा जन्म १९७९ सालचा. सोलापुरात गिरणी कामगारांच्या वस्तीत आमचे दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते. पुढे लहानसे अंगण, त्यात कढीपत्ता आणि जास्वंद. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. दादा, मी आणि धाकटी अशी आम्ही तीन भावंडे. आजूबाजूची सगळी घरे गिरणीच्या भोंग्यावर चालत. आमचे घर मात्र रेडिओवर चाले. सकाळी सहा पंचावन्नला ‘इयम् आकाशवाणी’ हे शब्द ऐकू येतील तेव्हा तिघांच्याही आंघोळी झालेल्या असाव्यात आणि तिघेही सतरंजीवर पुस्तक उघडून बसलेले असावेत, असा दंडक होता. संस्कृत बातम्यांतले आम्हांला फारसे काही कळत नसे. अण्णांनाही कळत असेल असे वाटत नाही, पण त्यांना वेळ महत्त्वाची होती.

वस्तीतल्या मैत्रिणींच्या घरीही नियम होतेच. दिवेलागणीला परवचा, केर सांजवेळी काढायचा नाही, तांदूळ संपले तरी ‘संपले’ न म्हणता ‘वाढले’ म्हणायचे, हे सगळे आईकडून आलेले नियम चारचौघींच्या घरी होते, म्हणून त्यांचे काही वाटत नसे. वेगळे होते ते अण्णांचे नियम, आणि त्यांतले बहुतेक पाण्याचे आणि भाकरीचे होते.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, तरी आमच्या वस्तीत नळाला पाणी एक दिवसाआड येई, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. पाणी आले की बाकीच्या घरांत पहिले काम असे आधीचे ‘शिळे’ पाणी ओतून देण्याचे. पिंप रिकामे करायचे, घासायचे, ताजे पाणी भरायचे. आमच्या घरात ‘शिळे पाणी’ हा दुसरा बंदी असलेला शब्द होता. एकदा शेजारच्या काकूंनी आमच्या अंगणात उभे राहून, कालची घागर ओतून का देत नाही, असे आईला विचारले, तेव्हा आतून अण्णांचा आवाज आला, “पाणी शिळं होत नसतंय.” एरवी ते कचेरीतली प्रमाण भाषा बोलत, गावाकडची बोली अशा वेळीच त्यांच्या तोंडी येई.

आंघोळीला एक बादली, आणि तीही काठापर्यंत भरलेली नाही. बसायच्या दगडाखाली पसरट घमेले ठेवलेले असे. आधी साबण न लावता दोन तांबे अंगावर घ्यायचे, ते पाणी घमेल्यात जमेल. मग घमेले बाजूला सरकवायचे आणि नंतरच साबण. घमेल्यातले पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला, साबणाचे पाणी मोरीतून फरशी धुवायला. थंडीत ओल्या अंगाने ते घमेले सरकवताना हात कापत, आणि त्यातले पाणी सांडले तर अण्णा विचारत नसत, फक्त दुसऱ्या दिवशी बादली आणखी चार बोटे कमी भरलेली असे. पिण्याचे पाणी पेल्यात अर्धेच घ्यायचे, लागले तर पुन्हा घ्यायचे. पाहुण्यांना मात्र पेला पूर्ण भरून द्यायचा, आणि त्यांनी उष्टे ठेवले तर त्यांच्या देखत ते फेकायचे नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून, आणि ते गेल्यावरही फेकायचे नाही, तुळशीत घालायचे.

जेवणानंतरचा नियम सर्वांत लाजिरवाणा वाटे. ताट बोटाने पुसून स्वच्छ करायचे, त्यात पेल्यातले उरलेले पाणी ओतायचे, ताट गोल फिरवून कडेची आमटी आणि भाकरीचे कण त्या पाण्यात आणायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. घरी त्याचे काही वाटत नसे. पण पाचवीत असताना एका मैत्रिणीच्या मुंजीला, म्हणजे तिच्या भावाच्या मुंजीला, पंगतीत मी सवयीने पत्रावळीशेजारच्या वाटीत पाणी ओतून ते फिरवू लागले आणि समोरच्या ओळीतल्या मुली एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. मी ते पाणी प्यायले नाही. घरी आल्यावर कोणालाही न सांगता मी बराच वेळ रडले. त्या मुली हसल्या याचे दुःख थोडे होते, वाटी तशीच सोडून आले याची भीती जास्त होती.

आणि मग तो डबा. स्वयंपाकघराच्या फळीवर डालड्याचा पिवळा पत्र्याचा डबा होता, झाकण घट्ट बसणारा, वरचे झाडाचे चित्र घासून घासून पुसट झालेले. त्यात कायम बारा कडक भाकऱ्या असत. सोलापूरकडच्या वाचकांना कडक भाकरी समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते, की ज्वारीची भाकरी हातावर जितकी पातळ होईल तितकी थापून, तव्यावर आणि निखाऱ्यावर पापडासारखी वाळेपर्यंत भाजायची, म्हणजे ती कित्येक दिवस टिकते. आई दर महिन्याला नव्या बारा भाकऱ्या करी, जुन्या आम्ही दुधात किंवा आमटीत कुस्करून खात असू, आणि नव्या डब्यात जात. जुन्या बाहेर आल्याशिवाय नव्यांना हात लावायचा नाही, आणि डबा एक क्षणही रिकामा ठेवायचा नाही. धाकटीने सहा वर्षांची असताना दुपारी स्टुलावर चढून त्यातली अर्धी भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली. अण्णांनी संध्याकाळी डबा उघडला, भाकऱ्या मोजल्या आणि तिच्याशी तीन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री ती झोपेत ‘डबा, डबा’ असे बडबडली, तेव्हा ते उठून तिच्या अंथरुणाशेजारी बसले आणि पहाटेपर्यंत तसेच बसून राहिले. हे मला माहीत आहे, कारण मीही जागी होते.

रात्रीचा नियम असा होता, की झोपण्यापूर्वी अंथरुणापासून दारापर्यंतची वाट मोकळी असली पाहिजे. दप्तर, पाट, खेळणे, काहीही वाटेत राहता कामा नये. चपला उंबरठ्याच्या आत वयाच्या क्रमाने एका ओळीत, बॅटरी दाराच्या डाव्या खिळ्याला, तिच्या खाली पाण्याने भरलेली कळशी. दादा हे रोज तपासून घेई, आणि अण्णा त्याच्यामागून पुन्हा तपासत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, वस्ती दमून झोपलेली होती. भांडी फळीवरून खाली येऊ लागली, पत्रे वाजू लागले आणि वीज गेली. आम्ही पाचही जण चपला घालून, बॅटरी आणि कळशी घेऊन अंगणाबाहेर उभे होतो, तेव्हा शेजारच्या घरांत लोक अंधारात कड्या चाचपत एकमेकांना हाका मारत होते. सोलापुरात त्या रात्री आमच्या भागात फार नुकसान झाले नाही. सकाळी रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावे ऐकू येऊ लागली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेल्याचे हळूहळू कळत गेले. हजारो माणसे गेली होती.

दुपारपर्यंत शहरात गल्लोगल्ली भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या. आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक टेंपो उभा होता आणि घराघरांतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या त्यात जात होत्या. आईचा तवा सकाळपासून उतरला नव्हता. अण्णा कचेरीतून आले, चपला काढल्या, सरळ फळीपाशी गेले, तो डबा खाली घेतला आणि त्यातल्या बाराच्या बारा भाकऱ्या स्वतःच्या धोतराच्या धुतलेल्या पानात बांधल्या. मी चौदा वर्षांची होते. रिकामा डबा त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिला, आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणीही पहिल्यांदा पाहिले. ‘का’ हा प्रश्न तेव्हा अगदी ओठांवर आला होता. पण आमच्या घरात तो प्रश्न विचारायची सवयच नव्हती.

सगळ्याच नियमांबद्दल मी एवढ्या मायेने लिहू शकत नाही. दिवेलागणीनंतर मुलींनी उंबरठ्याबाहेर राहायचे नाही, हा नियम फक्त माझ्यासाठी आणि धाकटीसाठी होता. दादा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मित्रांबरोबर रात्री नऊपर्यंत फिरे. आम्ही दोघी आईबाबत तक्रार न करता तिच्याबरोबर दुपारी जाऊन पाळणे बंद असताना परत येत असू. आठवीत आमच्या वर्गाची सहल तुळजापूर आणि नळदुर्गला जाणार होती, परतायला रात्र होणार होती. दोन वर्षांपूर्वी दादा त्याच सहलीला जाऊन आला होता. आमच्या वर्गशिक्षिका स्वतः घरी आल्या, अण्णांनी त्यांना चहा दिला, त्यांचे सगळे बोलणे मान खाली घालून ऐकले आणि नाही म्हणाले. नळदुर्गच्या पाणीमहालावरून कोसळणारा नर-मादी धबधबा मी पाहिला तो लग्नानंतर, एकतिसाव्या वर्षी. तो पाहत असताना आनंदापेक्षा संतापच अधिक झाला होता. पुढे एकदा मी अण्णांना हे बोलून दाखवले. “तेव्हा मला तेच बरोबर वाटलं,” एवढेच ते म्हणाले. मला ते उत्तर तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. त्या नियमामागे दुष्काळ नव्हता.

दुष्काळाचे कळले ते फार उशिरा. अण्णांचे मूळ गाव मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी नावाजलेली आहे, पण आमचे गाव त्या काळ्या पट्ट्यातले नव्हे, दक्षिणेकडच्या माळावरचे, जिथे पावसाने पाठ फिरवली की विहिरीला तळच उरतो. मंगळवेढ्याचे म्हणून दामाजीपंतांची कथा अण्णांना जीव की प्राण होती. दुष्काळात बहामनी बादशहाची कोठारे लोकांना खुली करणारे दामाजीपंत आणि त्यांच्यासाठी बीदरच्या दरबारात जाऊन धान्याची किंमत भरणारा विठोबा, ही गोष्ट त्यांनी आम्हांला शंभरदा सांगितली असेल. स्वतःची गोष्ट एकदाही सांगितली नाही.

ती मला आत्याने सांगितली, २०१३ च्या मे महिन्यात. त्या वर्षी पुन्हा मोठा दुष्काळ होता. आत्याचे सासर सांगोला तालुक्यात. मी पुण्याहून तिला भेटायला गेले होते आणि वाटेत जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या, उसाच्या वाड्याचे ढीग आणि दाव्याला बांधलेली, बरगड्या मोजता येतील अशी गुरे. संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्याबद्दल बोलत होते. आत्या म्हणाली, “तू हे बघून घाबरलीस. आम्ही बहात्तर बघितलाय.”

१९७२ साली अण्णा सोळा वर्षांचे होते आणि आत्या बाराची. आधीची दोन वर्षेही तोकड्या पावसाची गेली होती, बहात्तरला पाऊस आलाच नाही. बैल विकले. शाळा सोडून अण्णा आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. मी नंतर वाचले, की मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्यांतली दोन माझी. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे, लहान मुलांना सुकडी मिळे. आत्या आपल्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधून घरी आणी. मिलोची भाकरी थापताना मोडे, त्या मोडक्या भाकरीचे रात्री वाटे होत, आणि रोज रात्री आजी म्हणे, “मला भूक न्हाई. तुम्ही खावा.” मुले खात. ती कामावरच काही खाऊन येत असेल, असे त्यांना वाटे.

एका दुपारी मुकादम हजेरी घेत असताना आजी खडीच्या ढिगावरच कोसळली. अण्णांनी तिला पाठुंगळी घेऊन घरी आणले. घरात भाकरीचा तुकडा नव्हता, आणि रांजणात पाणी होते ते तळाशी बोटभर, गाळासकट. आत्या वाडगे घेऊन तीन घरी धावली. दोन घरी काही नव्हते. तिसऱ्या घरच्या म्हातारीने आपल्या ताटातली अर्धी भाकरी काढून दिली आणि ताटाला लागलेली आमटी पाण्याने विसळून त्या वाडग्यात घातली. तेवढ्यावर आजीने डोळे उघडले. “त्या दिवसापासून तुझा बाप बदलला,” आत्या म्हणाली. “आई परत कधी भूक न्हाई म्हणाली की हा तिच्याकडं नुसता बघत बसायचा. ती जेवल्याशिवाय हा हलायचा नाही.”

मी त्या ओसरीवर चौतीस वर्षांची होऊन बसले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरातला एकेक नियम येत होता. घमेले, अर्धा पेला, विसळलेले ताट, बारा भाकऱ्या, दाराजवळची कळशी. अण्णांनी त्या अर्ध्या भाकरीभोवती संपूर्ण घर बांधले होते आणि आम्ही त्यात त्या अर्ध्या भाकरीविषयी काही न कळता राहिलो होतो.

मला अण्णांशी भांडण आहे ते याच एका गोष्टीवरून, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडते. त्यांनी आम्हांला कष्टाची सवय लावली, पण त्या सवयीचे कारण स्वतःजवळ ठेवले. धाकटी तीन दिवस अपराधी चेहऱ्याने घरात वावरली, मी मुंजीच्या पंगतीत लाजेने मान खाली घातली, दादा तर अजूनही, म्हणजे स्वतःची मुले मोठी झाल्यावरही, डबे उघडून मोजत बसतो आणि मुलांना काही सांगत नाही. आजीची गोष्ट आम्हांला सातव्या-आठव्या वर्षी कोणी सांगितली असती तर त्या मुलींसमोर मी वाटीतले पाणी मान वर करून प्यायले असते, याबद्दल मला शंका नाही. मुले नियमाने दुखावली जात नाहीत असे मी म्हणणार नाही, पण न सांगितलेल्या कारणाने ती जास्त दुखावली जातात, हे मी अंगावर काढलेले आहे. अण्णांची बाजू मला दिसते. आई उपाशी राहिली आणि आपण जेवत राहिलो, हे मुलांना सांगायला कोणत्या बापाची जीभ रेटेल? तरीही त्यांनी सांगायला हवे होते, असे मला वाटते.

पुण्यात आमच्या घरी नळाला रोज पाणी येते. माझी मुलगी लहानपणी शाळेच्या बाटलीतले उरलेले पाणी बेसिनमध्ये ओतू लागली, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघाले, “पाणी शिळं होत नसतंय.” तिने विचारले, म्हणजे काय? सांगोल्याहून मी नुकतीच परतले होते. मी तिला जवळ घेऊन पणजीची सगळी गोष्ट सांगितली, खडीचा ढीग, वाडगे, तिसऱ्या घरची म्हातारी, सगळे. तिने बाटलीतले पाणी खिडकीतल्या तुळशीला घातले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंना ती गोष्ट सांगितली. दिवेलागणीचा नियम मात्र मी माझ्या घरात येऊ दिला नाही. ती सहलींना जाते आणि रात्री उशिरा येते.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना आठ दिवस ताप आला. मी सोलापूरला गेले होते. ताप उतरला होता, पण तोंडाला चव नव्हती. आई दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन त्यांच्या खाटेशी बसली. त्यांनी हाताने ताट दूर केले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मला भूक नाही.”

आईच्या लग्नाला आता जवळजवळ पन्नास वर्षे होतील. तिने हे शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती काही वेळ ताट धरून तशीच बसली, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, आपल्या घरात असं म्हणत नाहीत.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिले, उशीला टेकून उठून बसले आणि ताट मांडीवर घेतले. त्यांना खायला पाऊण तास लागला. शेवटी त्यांनी शेजारचा पेला उचलला, राहिलेले पाणी ताटात ओतले, थरथरत्या हातांनी ताट एकदा गोल फिरवले आणि ते पाणी प्यायले.